काळा घोडा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत पहिल्यांदा फिरायला आलेल्या माणसाला काळा घोडा चौकात उभं केलं की त्याच्या तोंडून प्रश्न सुटायला लागतात. वर्षानुवर्षं तेच ते प्रश्न ऐकत आलो आहे, आणि त्यांची उत्तरं अर्धवट दिली जातात याचं वाईटही वाटत आलं आहे. म्हणून ही उत्तरं जरा ऐसपैस लिहिली आहेत.

चौकात जो घोडा दिसतो तोच का मूळ काळा घोडा?

नाही. घोडे दोन आहेत आणि सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो.

पहिला १८७९ सालचा, ब्राँझचा. त्याच्या पाठीवर लष्करी पोशाखात बसलेला स्वार म्हणजे अल्बर्ट एडवर्ड, राणी व्हिक्टोरियाचा थोरला मुलगा. पुतळा उभा राहिला तेव्हा तो प्रिन्स ऑफ वेल्स होता. १९०१ मध्ये आई गेल्यावर तो सातवा एडवर्ड म्हणून गादीवर आला, त्यामुळे पुढच्या काळात पुतळ्यालाही ‘राजाचा पुतळा’ म्हणायला लागले. हा घोडा १९६५ पासून भायखळ्याला आहे.

दुसरा २०१७ सालचा. त्याच्या पाठीवर कोणीच नाही. आज चौकात दिसतो तो हा.

या दोघांच्या मधली ५२ वर्षं इथे घोडा नव्हता. तरी बसमध्ये, टॅक्सीत, पत्त्यांत, गप्पांत ‘काळा घोडा’च होता. मला या साऱ्या गोष्टीत सर्वांत मोलाची वाटतात ती हीच ५२ वर्षं.

मूळ पुतळा कोणी उभारला? सरकारने का?

पैसे सरकारचे नव्हते. सर अल्बर्ट ससून यांनी तो शहराला भेट दिला. अल्बर्ट म्हणजे अब्दुल्ला, बगदादहून मुंबईत येऊन स्थिरावलेल्या ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांचे पुत्र. कापूस आणि अफू या दोन मालांवर या घराण्याची पेढी चीनपर्यंत पसरली होती. कुलाब्याचा ससून डॉक अल्बर्ट यांनीच बांधला. चौकातलं डेव्हिड ससून ग्रंथालय त्यांच्या वडिलांच्या नावाचं आहे, आणि पुतळा त्याच्याच पुढ्यात बसवला गेला. थोडक्यात, जागेची निवड सहज झालेली नसावी.

ससून घराण्याचं प्रिन्सशी सख्य होतं. अल्बर्ट पुढे इंग्लंडलाच स्थायिक झाले आणि १८९० मध्ये त्यांना बॅरोनेट हा किताब मिळाला. पुतळ्यामागे राजनिष्ठा होती हे खरं, पण व्यापारी घराण्याची दूरदृष्टीही होती. त्या काळी मुंबईतले शेटसावकार, संस्थानिक सगळेच हा मार्ग वापरत. व्हिक्टोरिया राणीचा मुंबईतला संगमरवरी पुतळासुद्धा बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दिलेला.

निमित्त काय होतं?

प्रिन्सची भारतभेट. ‘सेरापिस’ नावाच्या जहाजातून तो ८ नोव्हेंबर १८७५ ला मुंबई बंदरात उतरला आणि दुसऱ्या दिवशी त्याचा वाढदिवस इथेच साजरा झाला. प्रिन्सेस डॉकची पायाभरणी त्याने केली. घारापुरीला नेऊन लेण्यांत त्याला मेजवानी दिली गेली. शंकराच्या त्रिमूर्तीसमोर साहेबांची जेवणं!

एक गोष्ट मात्र त्याच्या बाजूने सांगायला हवी, कारण ती सहसा सांगितली जात नाही. इथले गोरे अधिकारी हिंदी लोकांशी, संस्थानिकांशीसुद्धा, ज्या उर्मटपणे वागत ते त्याला खटकलं होतं. माणसाचा रंग काळा आणि धर्म वेगळा म्हणून त्याला जनावरासारखं वागवायचं कारण नाही, अशा अर्थाचं पत्र त्याने या दौऱ्यातूनच ब्रिटिश मुत्सद्दी लॉर्ड ग्रॅनव्हिल यांना लिहिलं. माणूस म्हणून तो वाईट नव्हता. पण चौकातला पुतळा माणसाच्या स्वभावाचा नसतो, सत्तेचा असतो.

लोकांनी तेव्हा स्वागत केलं असेल ना? मग वाद कशाचा?

या प्रश्नावर मी जरा थांबणार आहे, कारण पर्यटकांना ऐकवल्या जाणाऱ्या गोष्टीतून हाच भाग गाळला जातो.

पुतळा बसला ते १८७९ हे साल डोळ्यांसमोर आणा. १८७६ ते ७८ या काळात मुंबई आणि मद्रास इलाख्यांत भीषण दुष्काळ पडला होता. सबंध देशात पन्नास लाखांहून अधिक माणसं त्यात गेली असा अंदाज आहे. आपल्याकडे सोलापूर, अहमदनगर, पुणे या जिल्ह्यांतली गावंच्या गावं देशोधडीला लागली. दुष्काळी कामांवर दगड फोडणाऱ्या मजुराला दिवसाला किती धान्य पुरेल यावर सरकारदरबारी काटकसर चालली होती. दिवसाला साधारण एक पौंड, म्हणजे अर्धा किलोही नाही, हे माप सर रिचर्ड टेंपल यांच्या नावाने ओळखलं जातं. पुण्याची सार्वजनिक सभा या हालांचे अहवाल गोळा करून सरकारपुढे ठेवत होती.

हेच टेंपलसाहेब १८७७ मध्ये मुंबईचे गव्हर्नर झाले. पुतळा त्यांच्याच कारकिर्दीतला.

आणि त्याच वर्षी, त्याच इलाख्यात, शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके बंड करून उठले होते. पुण्यात लष्करी हिशेब खात्यात नोकरी करणारा हा माणूस दुष्काळातली दैना बघून पेटला आणि रामोश्यांना बरोबर घेऊन डोंगरात शिरला. सरकारने त्यांच्यावर इनाम लावलं, तर त्यांनी उलट जाहीरनामा काढून खुद्द गव्हर्नरच्या डोक्यावर इनाम लावलं. जुलै १८७९ मध्ये ते पकडले गेले. एडनच्या तुरुंगात १८८३ मध्ये त्यांचा अंत झाला.

एकाच वर्षी एका टोकाला ब्राँझचा राजपुत्र घोड्यावर चढला आणि दुसऱ्या टोकाला फडक्यांच्या पायात बेड्या पडल्या. स्वागताला जमलेली गर्दी खरी होती, पण ती शहरातल्या एका लहानशा वर्तुळाची होती. घाटापलीकडच्या माणसाला कोणी विचारलं नव्हतं. आता सांगा, वाद १९६५ मध्ये सुरू झाला की पुतळा बसला त्या दिवशी?

पुतळ्याची कधी विटंबना झाली का?

या घोड्यापेक्षा त्याच्या स्वाराच्या आईच्या पुतळ्याची गोष्ट जास्त प्रसिद्ध आहे. १८९६ च्या ऑक्टोबरात मुंबईतल्या राणीच्या त्या संगमरवरी पुतळ्याला कोणीतरी डांबर फासलं आणि गळ्यात जोड्यांची माळ घातली. करणारे सापडले नाहीत. पुढच्या वर्षी पुण्यात रँडचा वध झाला आणि दामोदर चापेकर पकडले गेले. मग त्यांनी लिहून ठेवलेल्या आत्मकथनातून उलगडा झाला, की ते काम चापेकर बंधूंचंच होतं.

म्हणजे पुतळ्यांचं भांडण स्वातंत्र्यानंतरच्या पुढाऱ्यांनी उकरून काढलं, असं जे म्हटलं जातं ते चूक आहे.

राजाचा पुतळा असताना नाव घोड्याचं कसं पडलं?

ब्राँझ म्हणजे तांबं आणि कथील यांचा मिश्रधातू. उघड्यावर, त्यातून समुद्राच्या खाऱ्या हवेत आणि शहराच्या धुरात, त्याच्या पृष्ठभागावर थर धरतो आणि तो काळपट होत जातो. संगमरवरी राणी पांढरी, आणि हा गडद. लांबून नजरेत भरायचा तो घोड्याचा काळाशार आकार. म्हणून काळा घोडा.

हे झालं रंगाचं. पण घोड्यावर इतका मोठा राजपुत्र बसलेला असताना लोकांना तो दिसू नये, याला काय म्हणाल? पुतळा देणाऱ्याचं नाव लागलं नाही, बसणाऱ्याचं लागलं नाही, ज्याची कोणी ओळखही करून दिली नाही त्या जनावराचं लागलं. हमालांनी, व्हिक्टोरियावाल्यांनी, कारकुनांनी, भाजीवाल्यांनी मिळून हे बारसं केलं. कुठे ठराव झाला नाही, कोणी फलक लावला नाही. माझं ठाम मत असं, की स्वार १९६५ मध्ये हलवला गेला तो नुसता देहाने. बोलण्यातून त्याला त्याच्या कितीतरी आधी पायउतार केलेलं होतं.

असंच परळच्या रुग्णालयाचं. ‘केईएम’ (किंग एडवर्ड मेमोरियल) या अक्षरांत हाच एडवर्ड लपलेला आहे, पण तिथे रांगेत उभ्या असलेल्या किती जणांना तो आठवतो?

पुतळा बनवला कोणी? कलाकृती म्हणून तो चांगला आहे का?

सर जोसेफ एडगर बोहम. जन्म व्हिएन्नाचा, कारकीर्द लंडनची. व्हिक्टोरियाच्या दरबाराचा तो लाडका शिल्पकार. लंडनच्या हाइड पार्क कॉर्नरवरचा वेलिंग्टनचा अश्वारूढ पुतळा त्याचाच, आणि १८८७ च्या ज्युबिलीच्या नाण्यांवरचं राणीचं मुखचित्रही त्याचंच.

घोडा त्याला येत होता, यात शंका नको. अश्वारूढ पुतळ्यात घोडं अडतं ते वजनापाशी: टनावारी धातू चार काटकुळ्या पायांवर, कधी तीनच पायांवर तोलायचा, आणि तरी जनावर जिवंत वाटलं पाहिजे. मानेची कमान, छातीचे स्नायू, लगामाचा ताण हे बोहमने नीट साधलं आहे. स्वार मात्र मला तरी ठोकळेबाज वाटतो. कदाचित मुंबईकरांनाही तेव्हा तसंच वाटलं असेल, आणि म्हणून त्यांनी घोडा निवडला असेल!

घोड्याचा एक पाय उचललेला असला की स्वार जखमी होऊन मेला, दोन उचललेले असले की रणात पडला, असं म्हणतात. खरं का?

लोककथा आहे. शिल्पकारांचा असा काही नियम नाही. इथे तर प्रश्नच उद्भवत नाही: एडवर्ड वारला १९१० मध्ये, राजवाड्यात, आजारपणाने, पुतळा बसवल्यानंतर ३१ वर्षांनी. बोहमला ते आधीच कुठून कळणार? तो स्वतः १८९० मध्येच गेला होता.

१९६५ मध्येच का हलवला? स्वातंत्र्य तर १८ वर्षांपूर्वी मिळालं होतं.

कारण लगेच काही झालं नाही. १९४७ नंतर लोकांपुढे अन्न, निर्वासित, घरं असे प्रश्न होते. १८५७ च्या उठावाची शताब्दी आली तेव्हा, १९५७ मध्ये, देशभर पुतळे हटवण्याची मागणी जोरात उठली. समाजवादी त्यात पुढे होते. नेहरूंनी संसदेत घेतलेली भूमिका साधारण अशी होती: काही पुतळे इतिहास म्हणून महत्त्वाचे, काही कला म्हणून, काही सरळ अपमानकारक. जे बोचतात ते आधी काढा, बाकीचे टप्प्याटप्प्याने, आणि हे कटुता न वाढवता करा.

मुंबईत त्याला आणखी एक धार होती. संयुक्त महाराष्ट्राचा लढा याच परिसरात, फ्लोरा फाउंटनपाशी, रक्त सांडून लढला गेला. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं. आता राज्य आपलं, राजधानी आपली, आणि तिच्या चौकाचौकांत कोणाचे पुतळे? गेटवेसमोर पंचम जॉर्जचा पुतळा होता, तोही आपल्याच गणपतराव म्हात्र्यांनी घडवलेला. तिथे २६ जानेवारी १९६१ ला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आला. समुद्रावरून येणाऱ्यांसाठी ज्या दरवाजाची कमान बांधली, तिच्यासमोर आता छत्रपती घोड्यावर बसलेले. त्यानंतर चार वर्षांनी काळा घोडा हलला.

फ्लोरा फाउंटनपाशी मात्र वेगळं घडलं. रोमन फुलदेवी जागेवर राहिली आणि शेजारी हातात मशाल धरलेल्या शेतकरी-कामगारांचं हुतात्मा स्मारक उभं राहिलं. काळा घोड्यापासून हे ठिकाण चालत पाच-सात मिनिटांवर आहे. दोन्ही बघा. एकाच पिढीने एकाच रस्त्यावर दोन निरनिराळे निर्णय घेतले, आणि मला दोन्ही पटतात. फुलदेवीने कोणावर राज्य केलं नव्हतं.

पुतळा वितळवला का नाही?

इथे मुंबईने समजूतदारपणा दाखवला असं मी मानतो. पुतळे काढले, पण नष्ट केले नाहीत. इतर शहरांत काय झालं ते पाहिलं की हे जास्त कळतं.

याच सातव्या एडवर्डचा दिल्लीतही एक अश्वारूढ पुतळा होता, थॉमस ब्रॉकने केलेला. तो उचलला आणि १९६९ मध्ये थेट कॅनडात टोरांटोला पोहोचला. तिथल्या क्वीन्स पार्कमध्ये आजही आहे. दिल्लीतल्या त्या बागेला नेताजींचं नाव मिळालं. इंडिया गेटच्या छत्रीतला पंचम जॉर्ज १९६८ मध्ये कॉरोनेशन पार्कला गेला आणि छत्री पन्नासहून अधिक वर्षं रिकामी राहिली. कोलकात्यातले बरेच पुतळे १९६९ मध्ये बराकपूरला हलवले गेले.

आणि चेन्नईत मद्रासचा एकेकाळचा गव्हर्नर सर थॉमस मन्रो १८३९ पासून घोड्यावर बसलेला आहे तो अजून उतरलेला नाही. त्याच्या घोड्याला खोगीर नाही, रिकिबी नाहीत, म्हणून लोक त्याची चर्चा करतात. रयतवारी पद्धतीमुळे तिकडच्या शेतकऱ्यांत मन्रोबद्दल आदराच्या आठवणी होत्या. याचा अर्थ असा, की गोरा म्हणून प्रत्येकाला काढलं आणि काळाच्या ओघात सगळेच गेले, असं सरसकट काही झालेलं नाही. प्रत्येक गावाने आपापला हिशेब केला.

प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम याच प्रिन्सचं का?

नाही, त्याच्या मुलाचं. पायाभरणी ११ नोव्हेंबर १९०५ ला झाली ती पुढे पंचम जॉर्ज झालेल्या राजपुत्राच्या हस्ते. आता ते छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे.

पुतळा गेल्यावर त्या जागेचं काय झालं?

वाहनतळ. गाड्या, दुसरं काही नाही. एका बाजूला जहांगीर आर्ट गॅलरी, दुसरीकडे ससून ग्रंथालय, पलीकडे निळ्या रंगाचं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग, आणि मधोमध गाड्यांच्या रांगा. पुतळा काढताना जितका विचार झाला तितका रिकाम्या जागेचा झाला नाही, ही माझी खरी तक्रार आहे. १९९८ मध्ये काळा घोडा असोसिएशन स्थापन झाली आणि १९९९ पासून इथे दरवर्षी कला महोत्सव भरू लागला. त्या दिवसांत गाड्या हटतात, माणसं येतात, आणि हा खरोखर चौक होता हे लक्षात येतं.

२०१७ चा घोडा कोणी केला, आणि तो रिकामा का?

‘स्पिरिट ऑफ काळा घोडा’ हे त्याचं नाव. वास्तुरचनाकार अल्फाझ मिलर यांचं संकल्पन, श्रीहरी भोसले यांचं शिल्प, उंची साधारण २५ फूट. काळा घोडा असोसिएशनच्या पुढाकाराने तो बसला.

रिकामा आहे कारण तो नावाचा पुतळा आहे, व्यक्तीचा नाही. काही जणांना हे पळवाट वाटतं. घोड्यावर कोणाला बसवायचं हा वाद टाळण्यासाठी कोणालाच बसवलं नाही, असं ते म्हणतात. मला तसं वाटत नाही. जगात अश्वारूढ पुतळे घोड्यासाठी कोणी करत नाही. घोडा हा स्वाराला उंच दाखवण्यासाठीचा चौथरा असतो. इथे लोकांनी आधी भाषेत स्वार वजा केला आणि नंतर शिल्पकाराने लोकांचं म्हणणं धातूत ओतलं.

मग मूळ पुतळा परत चौकात आणावा का?

माझं उत्तर ‘नाही’ असं आहे, आणि ते रागातून आलेलं नाही. चौकातली उंच जागा हा मान असतो. तो मान कोणाला द्यायचा हे १८७९ मध्ये इथल्या माणसांना विचारलं गेलं नाही. १९६५ मध्ये त्यांनी आपलं उत्तर दिलं. ते फिरवण्याचं कारण मला दिसत नाही. पण पुतळा दडवू नये, आणि त्याची हेळसांडही होऊ नये. त्याच्यापाशी उभं राहणाऱ्या शाळकरी मुलाला स्वच्छ मराठीत कळायला हवं, की हा कोण, ससून कोण, टेंपलचं धान्याचं माप काय होतं आणि त्याच वर्षी फडके कुठे होते. नुसतं नाव आणि साल पुरत नाही.

मूळ घोडा आज बघायचा तर कुठे जायचं?

भायखळा स्टेशनच्या पूर्वेला उतरा आणि राणीच्या बागेत जा, म्हणजेच वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात. बुधवार टाळा, बाग आणि शेजारचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय दोन्ही त्या दिवशी बंद असतात.

राणीची बाग म्हणजे व्हिक्टोरिया गार्डन्स. मुलाचा पुतळा चौकातून निघाला तो आईच्या बागेत येऊन थांबला, आणि ती बाग आता दुसऱ्याच एका थोर आईच्या नावाची आहे. चापेकरांनी डांबर फासलेली संगमरवरी राणीही याच परिसरात आहे, कॉर्नवॉलिस आणि वेलस्ली या गव्हर्नर जनरलांचे पुतळेही आहेत.

त्यांच्याआधी मात्र संग्रहालयाच्या आवारातला दगडी हत्ती बघा. घारापुरी बेटाला ज्याच्यावरून एलिफंटा हे नाव पडलं तोच हा. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, उचलताना तो कोसळून फुटला, तुकडे इथे आले आणि १९१४ मध्ये ते जोडून तो पुन्हा उभा केला गेला. सांधे आजही दिसतात. राजपुत्राने घारापुरीच्या लेण्यांत मेजवानी झोडली तेव्हा हा हत्ती तिथून नेलेला होता. आता दोघं शेजारी आहेत. हत्तीजवळ पाच मिनिटं थांबा, आणि मग घोड्याकडे वळा.